मास्तरांनी पत्ते हाती घेतले

धारगळ (पेडणे),
शिगम्याचे रंग धुऊन झाल्यावरचा सोमवार

तीर्थस्वरूप सखारामदादांच्या पायांशी सगुणाचा नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (की डावा? गेल्या खेपेला तुम्ही दोन्ही हातांनी दोन्ही गुडघे धरून बसला होता, तेव्हापासून माझा घोटाळा आहे.) तारावहिनींची साखर उतरली असेल अशी आशा करतो. उतरली नसली तरी त्यांना रागावू नये. मयेत तळं पाहायला चारी दिशांनी पाहुणे येणार, पाहुण्याला चहा दिला की सोबत आपणही घोटभर घेणार, यात त्या माउलीचा काय दोष? सुपारीला यंदा माकडांनी कितपत हात लावला तेही कळवावं. इकडे मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे जेवतो, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचतो, आणि दुपारी घरापुढच्या बलकांवावर बसून हायवेवरून जाणारी वाहनं बघतो. फोन करायचा सोडून पत्र का लिहितो असं तुम्ही विचाराल. तर दादा, तुमचा फोन सदैव तारावहिनींच्या हातात, आणि वहिनींना सांगितलेली गोष्ट मयेच्या तळ्यातल्या माशांनाही कळते. (हे वाक्य वाचून दाखवताना गाळावं.)

तुमच्या कानावर एव्हाना गेलंच असेल की धारगळचे मास्तर म्हातारपणी पत्त्यांच्या नादाला लागले. खरं आहे. पण तुम्ही समजता ते पत्ते नव्हेत. जत्रेत देवळामागे कंदील लावून खेळतात तो प्रकार नाही, आणि हायवेवर ज्याच्या पाट्या लावल्या आहेत तो बोटीवरच्या जुगाराचा प्रकार तर मुळीच नाही. हे पत्ते भविष्य सांगण्याचे आहेत. एकंदर अठ्ठ्याहत्तर. त्यांत राजे, राण्या, सूर्य, चंद्र, एक उलटा टांगलेला गृहस्थ, आणि एक सम्राज्ञी आहे. ती गादीवर रेलून अशी काही बघते की मला थेट तुमच्या कैलासवासी मातोश्रींची आठवण झाली. (मागणी घालायला मी पहिल्यांदा तुमच्या घरी आलो तेव्हा त्या माझ्या चपलांकडे असंच बघत होत्या. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण तो पत्ता आला की मी अजून पाय आत घेतो.) लोकांचं म्हणणं, मास्तरांनी जन्मभर पोरांना विज्ञानासकट सगळे विषय शिकवले आणि आता हे? त्यांना काय उत्तर द्यायचं? घरी एकटा बसलेला माणूस काहीही शिकतो. मी तर मोबाइलवर बघून भरली वांगी शिकायचा प्रयत्न केला होता. त्या मानाने पत्ते बरे, करपत नाहीत.

मुळात हे सुरू कसं झालं ते सांगतो. तुमची बहीण देवकी पुण्याला गेली ती आमच्या सेजलच्या बाळंतपणासाठी. थिवी स्टेशनावर तिला पोचवायला तुम्हीही आला होता. गाडी सुटताना ती खिडकीतून मला म्हणाली होती की बाळ मान धरीपर्यंत राहते. गौरवीने मान धरली. मग म्हणाली, पालथी पडू दे. पोर पालथी पडली. मग बसू दे, मग रांगू दे, मग दात येऊ देत. दातही आले. (आल्या आल्या ते जावयाच्या खांद्यात रुतवले म्हणे.) सेजलची रजा संपली. जावई प्रज्योत घरातच असतो, पण कानाला यंत्र लावून अमेरिकेशी बोलत असतो, आणि मूल रडलं तर ते अमेरिकेला ऐकू जातं. तेव्हा आजीवाचून इलाज नाही. मध्ये चतुर्थीला सगळी मंडळी आली होती. पाच दिवस घर गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीसारखं भरलं, आणि विसर्जनाच्याच दिवशी देवकीने परत पिशव्या बांधल्या. त्या दिवशी मी गणपती पोचवला की कोणाला पोचवलं, ते माझं मला ठाऊक. आता पोर घरभर धावते. देवकी म्हणते, जरा बोलायला लागू दे. ज्या वेगाने मुदती वाढतात ते बघता पुढची मुदत दहावीच्या परीक्षेपर्यंत जाईल अशी मला धास्ती आहे.

मी तक्रार करत नाही. नात सगळ्यांना असते, आणि आजीही सगळ्यांना लागते. पण दादा, घर चमत्कारिक वागतं. सकाळी चहाला पाणी ठेवतो ते दोन कपांचं होतं. पाववाला पोदेर सायकलचा भोंपू वाजवत येतो आणि दोघांचे उंडे ठेवून जातो. एकाचेच ठेव असं त्याला सांगायला मी अनेकदा फाटकापर्यंत गेलो, आणि दर वेळी हवापाण्याच्या गोष्टी करून परत आलो. उरलेले उंडे दुपारी सुकतात, मग ते मी आमटीत बुडवून खातो. मोपाचा विमानतळ झाल्यापासून विमानं आमच्या माडांवरून जातात. त्यांतलं पुण्याचं कुठलं ते मला ओळखता येत नाही, म्हणून मी सगळ्यांनाच हात करतो. (शेजारच्या सुविधाने एकदा पाहिलं. मी लगेच डोकं खाजवायला घेतलं.)

तर जानेवारीत माझा जुना विद्यार्थी गौरेश याने मला हरमलला पूजेला बोलावलं. याने तिथे समुद्रालगत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. शाळेत याला सत्तावीसचा पाढा कधी आला नाही, आता पाच भाषांत भाव सांगतो. तीर्थप्रसाद घेऊन मी गच्चीवर वारा खायला गेलो तर तिथे इरिना नावाची एक रशियन बाई चटईवर पत्ते मांडून दहाबारा गोऱ्या मंडळींना शिकवत होती. गौरेश म्हणाला, "सर, तुम्ही पण बसा, काय तरी मनात धरा." मी नको नको म्हणत बसलो. मनात काय धरलं ते तुम्हाला सांगायला नको. बाईने एक पत्ता उलटला. निळ्या आकाशातून आठ दांडे तिरके उडत येताहेत, एवढंच चित्र. माणूस नाही, काणूस नाही. ती डोळे मोठे करून इंग्रजीत म्हणाली की कोणीतरी येतंय, फार वेगाने येतंय.

घरी आलो आणि साफसफाईला लागलो. माळ्यावरची जाळी काढली, देवघरातली तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासली, देवकीला आवडतात म्हणून पेडण्याच्या बाजारातून वेलची केळी आणली. तीन दिवस फाटकाचा आवाज झाला की उठत होतो. चौथ्या दिवशी सकाळी खरंच टेम्पो थांबला. मी शर्ट घालून धावलो. देवळाच्या जत्रेच्या मांडवाचे वासे होते. टेम्पोवाल्याने पत्ता चुकून ते आमच्या अंगणात उतरवले. मी मोजले नाहीत, पण आठांहून कमी नसावेत. तेव्हा माझ्या मनात आलं, बाईने उत्तर बरोबर लिहिलं होतं, प्रश्न वाचताना चूक केली. आता तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. पेपर चुकीचा तपासला गेला असं वाटलं की मला चैन पडत नाही. म्हटलं, हा विषय आपणच शिकावा आणि फेरतपासणी करावी.

गौरेशने पत्त्यांचा एक जोड आणून दिला, वर एक इंग्रजी पुस्तक. इरिनाबाईने पहिल्या धड्यालाच पहिला पत्ता दाखवून सांगितलं की हा मूर्ख, आणि शिकणारा प्रत्येक जण आधी हाच असतो. मी म्हटलं, बाई, हे वाक्य मी जन्मभर वर्गात वापरलं, माझ्यावर आज पहिल्यांदा उलटलं. तिला मराठी येत नाही, ती गोड हसली. पत्त्यांचे चार प्रकार: पेले, तलवारी, दांडे आणि नाणी. मी बलकांवावर बसून मोठ्याने पाठ करायचो, "दोन पेले, तीन पेले, चार पेले", तर गावात बातमी पसरली की बायको पुण्याला गेल्यापासून मास्तर फेणी मोजून घेतात. दुसरी अडचण उलट्या पत्त्यांची. पत्ता उलटा आला की अर्थ उलटा. पण मी इकडे बसतो आणि विचारणारा समोर बसतो, तर उलटा कोणाच्या बाजूने धरायचा? सुविधा तिच्या मुलीच्या, सिद्धीच्या, नोकरीचं विचारायला आली तेव्हा याच मुद्द्यावर वाद झाला. माझ्या बाजूने नोकरी जात होती, तिच्या बाजूने मिळत होती. शेवटी सुविधा सरळ उठून माझ्या बाजूला येऊन बसली आणि मला तिच्या जागी बसवलं. नोकरी मात्र सिद्धीला लागली, म्हापशाला. त्यामुळे माझं नाव झालं, आणि तिथेच माझं चुकलं.

आमचा बाबली तुम्हाला आठवत असेल. आरतीला घुमट वाजवतो तो, पलीकडच्या माडांच्या भाटात एकटा राहतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. धाकू आणि साईश हे दोघे मुलगे वास्कोला, एक बंदरात, एक रेल्वेत. दोघेही चांगले, पण वास्को गोव्यातच आहे हे विसरलेले. तर हा बाबली एका दुपारी येऊन समोर बसला. "मास्तर, माझो एक पत्तो काढा." मी पिसले, त्याने काढला. आणि दादा, निघाला तो मरणाचा. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला हाडांचा सापळा. खाली इंग्रजीत नाव आहे, पण सापळा वाचायला इंग्रजी कशाला लागतं? मी लगबगीने सांगितलं की बाबली, याचा अर्थ तसा नाही, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, जुनं संपतं आणि नवं सुरू होतं. बाबलीने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे मेल्यार नवो जल्म. बरां." एवढं बोलून उठला आणि घरी जाऊन वास्कोला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलगे बायकापोरांसकट हजर. एक स्वतःच्या गाडीने, दुसरा कदंबच्या बसगाड्या बदलत बदलत. बाबली खाटेवर गळ्यापर्यंत चादर ओढून पडलेला. आधी दोघे तिथे रडले आणि मग माझ्याकडे आले. धाकूला मी चौथीत शिकवलं आहे, त्यामुळे त्याला माझ्यावर धड ओरडताही येईना. "सर, तुम्हांला काय वाटतं की नाही, सर? म्हाताऱ्या माणसाला मरण दाखवता, सर? मी पोलिसांत जाईन, सर!" मी त्याला पुस्तक दाखवलं, पान उघडून दाखवलं. तो म्हणाला, "सर, इंग्रजी तुम्हींच शिकवलं, म्हणून मला येत नाही, सर." मी पुस्तक मिटलं.

पुढचे चार दिवस बाबली मरत होता. पहिल्या दिवशी फक्त पेज घेतली. दुसऱ्या दिवशी धाकट्या सुनेने बांगडे तळले, तर चादरीतून आवाज आला की एक चाखून बघतो, परत मिळेल न मिळेल. तिसऱ्या दिवशी कोंबड्याची शागोती झाली, आणि मरणाऱ्याने रस्सा दोनदा मागितला. चौथ्या दिवशी मी भीत भीत डोकावलो तर बाबली अंगणात नातवांना घुमटावर हात कसा मारायचा ते शिकवत होता. सुना भिंतीला टेकून हसत होत्या. धाकूने मला पाहिलं, मान खाली घातली आणि बसायला खुर्ची आणून दिली.

पाचव्या दिवशी सगळे गेले. संध्याकाळी बाबली माझ्या पायरीवर येऊन बसला. मी विचारलं, "बाबली, खरंच भियेलोस काय रे?"

"पत्त्याक नाय भियेलो," तो म्हणाला. "पोरांची गाडी फाटकात इली, तेन्ना भियेलो. म्हटलां, हांव काय आतां मरूचो नाय. मागीर फुडल्या खेपेक हे कशाक येतले?" मी आत जाऊन त्याला चहा आणून दिला. मग तो म्हणाला, "मास्तर, हो पत्तो एकदाच चलता. जपून ठेवा तुमी."

तुम्ही म्हणाल, मास्तरांनी यातून बोध घ्यावा. घेतला, पण उलटा. माझ्या मनात आलं, बाबलीला जमलं ते आपल्याला का जमू नये? मरण नको, मरण फार झालं. नुसता खोकला. दोन दिवस मी बलकांवावर तालीम केली. (फाटकाशी उभा पोदेर म्हणाला, मास्तर, आल्याचा काढा घ्या.) मग तिसऱ्या प्रहरी, गौरवी झोपते त्या वेळी, फोन लावला आणि नमस्कारालाच खोकलो. चांगला दीर्घ, आतून आणलेला. मग देवकी म्हणाली, "तुमचो खरो खोकलो तीनदां येता, आणि मागीर तुमी 'आवय गे' म्हणतात. हो खंयचो?"

काय सांगू दादा. इतक्या वर्षांत मी स्वतःचा खोकला नीट ऐकलेला नव्हता. पुण्यात बसून तो कोणाच्या तरी ध्यानात आहे हे कळलं आणि मला दोन मिनिटं बोलताच येईना. तिला वाटलं मी रागावलो. म्हणाली, थांबा, सेजलच्या फोनवरून करते, तोंड दिसू दे तुमचं. मग तोंड दिसलं. माझं तिला आणि तिचं मला. बारीक झाली आहे. (हे तुम्ही बोलू नका, मी बोललो नाही.) माझ्याकडे जेमतेम बघून म्हणाली, फोन फिरवा, घर बघूया. मी फोन हातात धरून, देवाची पालखी फिरवावी तसा घरातून फिरलो. चुलीवरची फळी दाखवली. "बरण्यांची जागा कित्याक बदलली?" न्हाणी दाखवली. तुळस दाखवली. "गे, कितली वाढली!" हे मात्र हळूच म्हणाली. विहीर दाखवली तर म्हणाली, जरा आत धरा, पाणी किती खाली गेलं बघते. तिला पाणी दिसेल म्हणून मी काठावर ओणवा झालो, तर ओरडली, "पडशात!" पुढे गोठ्यात गेलो. गाईने तिचा आवाज ऐकून कान टवकारले, फोनला नाक लावलं आणि चाटला. देवकीने तिकडून तिला चुचकारलं. मग म्हणाली, फोन पुसा.

परत येताना बलकांवावरचे पत्ते दिसले. मी आडवा हात केला, पण तिला ते आधीच माहीत होतं. सुविधा तिला रोज संध्याकाळी बातम्या देते म्हणे. (विमानांचंही सांगितलं असणार.) मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तर ती म्हणाली, "माझो काढा."

"प्रश्न काय?"

"तो मनांत आसा. सांगूचो नाय."

मी फोन तांब्याला टेकून उभा केला, पत्ते पिसले, तिने "पुरे" म्हटलं तिथे थांबलो आणि उलटला. एक म्हातारा निघाला. लांब झगा, पांढरी दाढी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात दिवा. बर्फाच्या डोंगरावर एकटाच उभा. मी पत्ता फोनसमोर धरला. देवकीने चष्मा लावून पाहिला.

"हो कोण?"

"संन्यासी आहे."

"दाढी करपाक कोण सांगीना दिसता ताका. जेवलो काय विचारा."

मी म्हटलं, जेवला.

"काय जेवलो?"

"पेज."

"आणि?"

"पेजच."

तिने चष्मा काढून पदराने पुसला. आत कुठे तरी प्रज्योत अमेरिकेला हो हो म्हणत होता, तेवढं ऐकू येत होतं. "दिवो घेवन खंय चल्लो तो?" तिने विचारलं. मी पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं की हा पुरुष आत्मशोधासाठी जगापासून दूर होऊन स्थिर उभा आहे. मी मराठी करून सांगितलं. ती म्हणाली, "उबो कित्याक? पांय मोडल्यात ताचे? चलूंक सांगा." एवढ्यात गौरवी उठून आली, तिने फोन ओढला, मला नातीची एक नाकपुडी दिसली, मग छत दिसलं, मग पंखा दिसला, आणि फोन बंद झाला.

तास गेला असेल नसेल, तोच पुन्हा घंटी. देवकीच. घाईत होती, मागे कुकर शिटी मारत होता. एकच वाक्य बोलली. "हंयची थंडी गेली. आतां येवंक हरकत नाय." आणि ठेवला.

दादा, मी जन्मभर मराठी व्याकरण शिकवलं. हजारो पोरांना वाक्यं फोडायला लावली. पण या वाक्यापुढे मी बलकांवावर दिवेलागणीपर्यंत बसून राहिलो. येवंक हरकत नाय, हे क्रियापद झालं. पण यायचं कोणी? कर्ता कुठे आहे? कर्ता ती स्वतः असेल तर ती इकडे येणार, आणि मला परत जाळी काढायला हवीत. कर्ता मी असेन तर मला पुण्याला कोणी बोलावलं, हे या दीड वर्षात पहिल्यांदा घडलं. (मी आपणहून का गेलो नाही असं तुमच्या मनात येईल. लेकीचं घर दोन खोल्यांचं, जावई दिवसभर घरात, आणि बापाने न बोलावता जाऊन बसावं हे बरं दिसत नाही. शिवाय देवकीच दर वेळी म्हणायची, तुम्हाला काय जमणार, गाय आहे, घर आहे. मी त्यावर हो म्हणायचो. ती वाट बघायची की मी नाही म्हणेन, आणि मी वाट बघायचो की ती ये म्हणेल. असे आम्ही दोघे.) पत्त्यांना विचारावंसं वाटलं, पण पत्त्यांना व्याकरण येत नाही. शेवटी मी वर्गात सांगायचो तेच स्वतःला सांगितलं: वाक्यात कर्ता दिसत नसेल तर बोलणारा कुठे उभा आहे ते पाहावं. बोलणारी पुण्यात उभी आहे. थंडी पुण्याची. माणूस स्वतः जिथे उभा असतो तिथे तो स्वतः येत नाही, दुसरा येतो. तेव्हा कर्ता 'तुमी'. मी उठलो, दिवा लावला आणि कपाटावरची पिशवी खाली काढली.

असो. पत्र लांबलं. तारावहिनींना नमस्कार, सर्व लहानथोरांना यथायोग्य. गुडघ्याला मिठाच्या पाण्याचा शेक द्यावा, दोन्ही गुडघ्यांना द्यावा, म्हणजे घोटाळा नको.

तुमचा,
सगुण

ता. क. गौरेशने मोपाहून पुण्याचं विमान ठरवून दिलं आहे, पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारचं. तेव्हा तुम्ही सोमवारी दुपारपर्यंत वहिनींना घेऊन धारगळला राहायला यावं, अशी हात जोडून विनंती आहे. किती दिवस ते विचारू नये, मलाही माहीत नाही. इकडे पाहुणे येत नाहीत, त्यामुळे वहिनींचा चहा आपोआप कमी होईल. जागा सपाटीची आहे, गुडघ्याला चढ नाही. बाबलीला सांगून ठेवलं आहे, तो सोबतीला येत जाईल. फक्त त्याच्यासमोर पत्ते काढू नयेत.

ता. क. २. मी येतोय यातलं देवकीला काही कळता कामा नये, मला एकदम दारात उभं राहायचं आहे. वहिनींनाही सोमवारी गाडीत बसल्यावरच सांगावं. रस्त्यात त्यांचा फोन तुमच्या खिशात असावा.

ता. क. ३. गाईचं राहिलं. दिवाळीत व्याली, दूध चांगलं देते, पण देवकीवाचून कोणाला आचळाला हात लावू देत नाही. बाबलीने एकदा प्रयत्न केला आणि लाथ खाल्ली. पशुवैद्यही हरले. मग मी देवकीची एक जुनी हिरवी सुती साडी अंगावर घेऊन, डोक्यावरून पदर काढून बसलो, तर गरिबासारखी उभी राहिली. तेव्हापासून रोज तसंच करतो. (मागचं दार लावून करतो.) गाय तुमच्याच गोठ्यातली आहे, कदाचित तुम्हाला ओळखेल, पण या वयात तुम्ही धोका पत्करू नये. साडी गोठ्याच्या खुंटीवर आहे. वहिनींना स्वच्छतेची आवड आहे हे मी जाणतो, पण ती साडी धुवायला काढू नये. धुतली की तिचा वास जातो, आणि मग गोठ्यात कोणी कोणाला ओळखत नाही.